राजधानी जिंकणारे चिमाजी अप्पा

वसई रोड स्थानकापासून पश्चिमेला निघालेला रस्ता पारनाका मागे टाकून किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे जातो. शेवटच्या टप्प्यात दुतर्फा काळ्या पडलेल्या भिंती, उंच कमानी आणि झाडीत दडलेले मनोरे दिसू लागतात. कोळीवाड्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या रिक्षा आणि दुचाक्या रोज याच रस्त्याने धावतात. आपण एका जुन्या राजधानीच्या मधोमध चाललो आहोत, याची जाणीव त्यातील फार थोड्यांना असते. पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील उत्तर प्रांताची राजधानी म्हणून हे तटबंदीचे शहर सुमारे दोनशे वर्षे नांदले. मे १७३९ मध्ये ते मराठ्यांच्या हाती आले आणि राजधानी म्हणून त्याचे आयुष्य संपले.

हे शहर जिंकणारे सेनापती होते चिमाजी बल्लाळ, म्हणजेच चिमाजी अप्पा. थोरले बाजीराव पेशवे यांचे ते धाकटे बंधू आणि पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे वडील. अशा दोन मोठ्या नावांच्या मध्ये त्यांचे नाव काहीसे झाकोळले गेले. त्यांना आयुष्य लाभले जेमतेम तेहतीस वर्षांचे, आणि वसईच्या तटापुढे ते स्वतः उभे राहिले सुमारे तीन महिने. तरीही वसईचा किल्ला पाहायला येणाऱ्याला पावलोपावली त्यांच्याच चरित्राची पाने उलटावी लागतात. शहर कसे जिंकले, हा त्या चरित्राचा एक भाग झाला. जिंकलेल्या शहरातील माणसांचे पुढे काय केले, हा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

थोरल्या भावाच्या सावलीत

भट घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यामुळे बाळाजी विश्वनाथ घाटावर आले आणि कर्तबगारीच्या बळावर १७१३ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे झाले. त्यांची पत्नी राधाबाई ही बर्वे घराण्यातील. या दांपत्याला बाजीराव आणि चिमाजी हे दोन पुत्र आणि भिऊबाई व अनुबाई या दोन कन्या. बाजीरावांचा जन्म १७०० चा, चिमाजींचा १७०७ चा. भिऊबाई बारामतीच्या जोशी घराण्यात, तर अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे दिल्या होत्या. अनुबाईंचे यजमान व्यंकटराव घोरपडे यांचे नाव पुढे वसईच्या संदर्भातही येणार होते.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ सासवड येथे निवर्तले. शाहू महाराजांनी दरबारातील अनुभवी मंडळींची नाराजी पत्करून वीस वर्षेही पुरी न झालेल्या बाजीरावांना पेशवेपद दिले. त्या वेळी चिमाजी अप्पा अवघे तेरा वर्षांचे होते. तेव्हापासून दोघा भावांचे आयुष्य एकमेकांत गुंतले ते अखेरपर्यंत. बाजीराव दूरदेशी स्वारीवर असत, तेव्हा साताऱ्याच्या दरबाराशी संधान राखणे, सरदारांची मने सांभाळणे, सावकारांकडून पैसा उभा करणे आणि घरातील मोठ्या कुटुंबाचा व्याप पाहणे ही कामे अप्पांकडे येत. बाजीराव वेगाने निर्णय घेणारे, तर अप्पा हिशेबी आणि सबुरीचे. छातीच्या विकाराने त्यांची प्रकृती नाजूक झालेली असे. घोड्यावरच्या दौडींच्या त्या काळात एका सेनापतीसाठी हे मोठेच वैगुण्य होते.

मात्र त्यांना केवळ कारभारी समजणे चुकीचे ठरेल. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यातील अमझेरा येथे त्यांनी मोगलांच्या फौजेचा दणदणीत पराभव केला. या लढाईत माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा आप्त दया बहादूर हे दोघेही मारले गेले. तेव्हा अप्पा एकवीस वर्षांचे होते आणि बाजीराव वेगळ्या वाटेने बुंदेलखंडाकडे निघाले होते. मराठ्यांना माळव्याची दारे उघडून देणारी ही लढाई धाकट्या भावाने स्वतंत्रपणे जिंकली होती. १७३० मध्ये गुजरातेत शिरून त्यांनी तेथील मोगल सुभेदार सरबुलंदखान याला चौथाई मान्य करायला लावली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना सदाशिव हा मुलगा झाला आणि बाळंतपणानंतर काही दिवसांतच पत्नी रखमाबाईंचे निधन झाले. आईविना वाढणाऱ्या या मुलाचा सांभाळ आजी राधाबाई आणि काकू काशीबाई यांनी केला. अप्पांचा दुसरा विवाह अन्नपूर्णाबाईंशी झाला. वडील सतत मोहिमांवर आणि घरी आई नाही, अशा परिस्थितीत वाढलेला हा मुलगा पुढे मराठी इतिहासात भाऊसाहेब या नावाने ओळखला गेला.

कोकणचा प्रश्न अप्पांच्या वाट्याला आला तो सिद्दीच्या निमित्ताने. १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्राचा विध्वंस केला होता. या घटनेने पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी अतिशय व्यथित झाले होते. १९ एप्रिल १७३६ रोजी अलिबागजवळ रेवसच्या परिसरात झालेल्या लढाईत अप्पांनी सिद्दी सात याला ठार केले. सिद्दीचे बळ खचले आणि मराठ्यांना उत्तर कोकणाकडे, म्हणजे साष्टी आणि वसईकडे, लक्ष देण्यास मोकळीक मिळाली.

उत्तरेची राजधानी

वसई म्हणजे त्या काळी काय होते, हे आजच्या अवशेषांवरून ओळखणे अवघड आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या आधीन असलेली बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यात आजची मुंबईही होती. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, तेव्हा ती वसईच्या तुलनेत दुय्यम ठाणे होते. वैभव, व्यापार आणि मानमरातब यांचे केंद्र वसई होते. दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज मुलखाचा कारभार पाहणारा उत्तर प्रांताचा जनरल येथे राहत असे. गोव्यानंतर पोर्तुगीजांचे हिंदुस्थानातील हे सर्वांत महत्त्वाचे शहर होते.

सुमारे साडेचार किलोमीटर लांबीची तटबंदी, कोनाकोनांवर बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले बुरुज, उत्तरेकडे जमिनीचा दरवाजा आणि खाडीच्या बाजूला बंदराचा दरवाजा अशी या शहराची रचना होती. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल असल्यामुळे शत्रूला खऱ्या अर्थाने एकच बाजू मोकळी होती, आणि तीच सर्वांत बळकट केलेली होती. आत बालेकिल्ला, जनरलचा वाडा, रुग्णालय, मठ, विद्यालये आणि उमरावांचे दुमजली वाडे होते.

आज किल्ल्यात फिरताना यांतील प्रमुख वास्तू ओळखता येतात. सेंट जोसेफचे मुख्य चर्च १५४६ मध्ये स्थापन झाले आणि १६०१ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. त्याचा उंच मनोरा अजून उभा आहे. जेझुइटांच्या चर्चचा कोरीव दर्शनी भाग किल्ल्यातील सर्वांत देखणा मानला जातो. येथील जेझुइटांच्या सहवासात वाढलेले वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. फ्रान्सिस्कन पंथीयांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये जमिनीवर पोर्तुगीज घराण्यांच्या मानचिन्हांनी सजलेल्या कबरींच्या शिळा आहेत. डोमिनिकन पंथाचे चर्च १५८३ मधले. एवढ्याशा आवारात इतकी चर्च असणे, हीच या राजधानीच्या श्रीमंतीची आणि तिच्या स्वभावाची साक्ष आहे.

या वैभवाला दुसरी बाजू होती. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा अंमल येथेही पोहोचला होता. हिंदूंच्या जाहीर धर्माचारांवर बंधने होती. देवळे पाडली गेली होती आणि वतनदारांवर दडपण होते. त्यातूनच काही स्थानिक मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अणजूरचे गंगाजी नाईक यांची नावे या संदर्भात प्रामुख्याने घेतली जातात. पुण्यात खलबते झाली खरी, परंतु मोहिमेची बीजे याच परिसरातील गावांत रुजली होती. वाटाडे, खबऱ्या, होड्या आणि चोरवाटा यांची माहिती या मंडळींनी पुरवली नसती, तर घाटावरच्या फौजेला खाड्यांच्या या मुलखात पाऊल रोवणे कठीण गेले असते.

दोन वर्षांची झुंज

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी अचानक ठाण्यावर झडप घातली. पोर्तुगीज तेथे नवा किल्ला बांधत होते, पण बांधकाम पुरे झाले नव्हते. ठाणे पडले आणि साष्टी बेटाचा मोठा भाग मराठ्यांकडे आला. विरारजवळच्या समुद्रातील अर्नाळा बेटही याच सुमारास हस्तगत झाले. तेथे मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्याच्या दरवाजावरील शिलालेखात बाजीरावांचे आणि शंकराजी केशव फडके यांचे नाव आजही वाचायला मिळते.

वसईने मात्र दाद दिली नाही. शिड्या लावून तट चढण्याचे मराठ्यांचे प्रयत्न फसले. मोकळ्या मैदानात वेगाने हालचाल करणाऱ्या फौजेला युरोपीय पद्धतीचा बुरुजबंद किल्ला नवा होता. बुरुजांची रचनाच अशी की एका बुरुजाकडे धावणाऱ्यावर शेजारच्या बुरुजावरून मारा होई. शिवाय खाडीचा मार्ग मोकळा असेतो किल्ल्याला समुद्रातून दारूगोळा आणि धान्य मिळत राहणार होते. केवळ शौर्याने हा किल्ला पडणार नाही, हे त्या पहिल्या वर्षातच स्पष्ट झाले.

१७३८ च्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा सेनानी पेद्रो दे मेलो मारला गेला. तरीही मुख्य प्रश्न तसाच होता. तेव्हा मोहिमेची सूत्रे अप्पांनी स्वतः हाती घेतली आणि तिची आखणीच बदलली. वसईवर थेट धडक मारण्याऐवजी तिला आधार देणारी ठाणी एकेक करून तोडायची, असे ठरले. जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम पडले. त्यापाठोपाठ तारापूरचा किल्ला घेतला गेला. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर हे मोलाचे सरदार कामी आले. त्याच महिन्यात अप्पांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यात शिरून मडगाव घेतले. स्वतःची राजधानीच धोक्यात आल्यामुळे गोव्याच्या व्हाइसरॉयला उत्तरेच्या राजधानीकडे पुरेशी कुमक पाठवता आली नाही. मोहिमेतील हा डाव सर्वांत दूरदृष्टीचा ठरला.

मुंबईचे इंग्रज या काळात अंतर राखून होते. वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांच्याकडे मदतीची याचना केली. थोडीफार मदत आणि तारणावर कर्ज यापलीकडे इंग्रज गेले नाहीत. चर्चमधील चांदीची भांडी आणि पितळी तोफा गहाण ठेवण्याची वेळ वसईवर आली. शेजारची राजधानी पडली, तर पुढचा क्रमांक आपलाच, ही भीती त्यांना होतीच, परंतु मराठ्यांशी उघड वैर घेण्याचे धाडसही नव्हते.

सुरुंग आणि आख्यायिका

फेब्रुवारी १७३९ च्या मध्यास अप्पा वसईपुढे आले. समुद्राची बाजू मानाजी आंग्रे यांनी अडवली. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारखे उत्तरेत नाव कमावलेले सरदारही अखेरच्या लढ्यात सामील झाले. किल्ल्याचा प्रमुख मार्तिन्यो दा सिल्वेरा हा वेढ्याच्या काळात ठार झाला आणि काएतानो दे सौझा परेरा याच्याकडे बचावाची जबाबदारी आली. पोर्तुगीज सैनिक संख्येने कमी होते, पण त्यांनी किल्ला कडवेपणाने लढवला, हे मराठ्यांनीही मान्य केले आहे.

मोकळ्या उत्तर बाजूने वाळूतून खंदक खणत तटापर्यंत पोहोचायचे आणि बुरुजांखाली सुरुंग पेरायचे, हे काम आठवडेच्या आठवडे चालले. वरून तोफांचा, बंदुकांचा मारा होत असे. पेटती दारूही फेकली जाई. काही सुरुंग वेळेआधी उडाले आणि आपलेच लोक दगावले. त्यात काळाचे गणित होते. पावसाळा तोंडावर आला होता. जूनमध्ये खाड्या भरल्या, खंदकांत पाणी शिरले आणि दारू भिजली, की दोन वर्षांचे कष्ट वाया जाणार होते. मे महिन्याच्या मध्यास सेंट सेबास्टियन आणि रेमेदियोस या बुरुजांच्या बाजूला सुरुंगांनी मोठी खिंडारे पडली. त्यांतून मराठे आत घुसले, मागे रेटले गेले आणि पुन्हा घुसले. अखेर सेंट सेबास्टियनच्या बुरुजावर त्यांनी पाय रोवले. मराठ्यांची या वेढ्यात सुमारे पाच हजार माणसे ठार वा जखमी झाली, असे इतिहासकार नमूद करतात. पोर्तुगीजांची हानी आठशेच्या आसपास सांगितली जाते.

याच दिवसांची एक कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. किल्ला पडत नाही हे पाहून संतापलेल्या अप्पांनी, आपले मस्तक तोफेच्या तोंडी देऊन निदान ते तरी किल्ल्यात पडेल असे करा, असे सरदारांना सुनावले आणि त्या बोलांनी पेटलेल्या फौजेने किल्ला सर केला, अशी ती कथा. ती आख्यायिका म्हणूनच घ्यायला हवी. प्रत्यक्षात किल्ला पडला तो दोन वर्षांच्या आखणीने, गोव्यावरील दबावाने, समुद्राच्या नाकेबंदीने आणि वाळूत खंदक खणणाऱ्या अनाम बेलदारांच्या श्रमाने. आख्यायिकेत एका माणसाचा त्वेष आहे. इतिहासात त्याच माणसाची चिकाटी आहे. चिकाटीची कथा रंगत नाही, म्हणून ती मागे पडली.

शरणागतीच्या अटी

१६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या अटी ठरल्या. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, निशाणे फडकावत आणि वाजतगाजत बाहेर पडण्याची मुभा मिळाली. ज्या रहिवाशांना जायचे होते, त्यांना आपली चीजवस्तू घेऊन जाता येणार होते आणि त्यासाठी आठवडाभराची मुदत होती. जे मागे राहतील, त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागता येईल, असेही मान्य करण्यात आले. २३ मे रोजी पोर्तुगीज गलबतांत बसून निघून गेले आणि वसईच्या तटावर मराठ्यांचे निशाण चढले.

या अटींचे मोल समजण्यासाठी त्याच वर्षीच्या दुसऱ्या राजधानीकडे पाहायला हवे. मार्च १७३९ मध्ये इराणचा बादशहा नादिरशहा दिल्लीत शिरला. एका अफवेवरून उसळलेल्या दंग्यानंतर त्याने कत्तलीचा हुकूम दिला आणि एका दिवसात दिल्लीच्या रस्त्यांवर हजारो माणसे कापली गेली. मोगलांचा शतकांचा खजिना, मयूरासन आणि कोहिनूर हिरा घेऊन तो मे महिन्यात परतीच्या वाटेला लागला. दिल्ली संकटात असताना बाजीराव उत्तरेकडे जाण्याच्या तयारीत होते. परंतु मराठ्यांची मोठी फौज वसईपुढे अडकली होती. एकाच मे महिन्यात हिंदुस्थानातील दोन राजधान्यांमधून दोन फौजा बाहेर पडत होत्या. दिल्लीतून विजेता पराभूतांची संपत्ती घेऊन चालला होता. वसईतून पराभूत आपली संपत्ती घेऊन चालले होते.

अप्पांच्या या औदार्यामागे हिशेबही होता. आणखी एक निकराचा हल्ला म्हणजे आणखी शेकडो माणसांची आहुती. पाऊस जवळ आला होता आणि उत्तरेत नादिरशहाचे संकट होते. प्रतिष्ठेने बाहेर पडण्याची वाट दिली, तर शत्रू अखेरच्या माणसापर्यंत लढत नाही, हे युद्धाचे साधे व्यवहारज्ञान आहे. तरीही पाच हजार माणसे गमावलेल्या, दोन वर्षे चिडलेल्या फौजेला दिलेला शब्द पाळायला लावणे सोपे नव्हते. तो पाळला गेला, यात सेनापतीचा वचक आणि विवेक दोन्ही दिसतात.

हे चित्र पूर्णपणे निष्कलंकही नाही. दोन वर्षांच्या या युद्धात साष्टी परिसरातील अनेक चर्चची नासधूस झाली. वांद्र्याच्या माउंट मेरीचे जुने प्रार्थनालयही याच धामधुमीत उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले जाते. अनेक ख्रिस्ती कुटुंबांना आसरा शोधत मुंबईच्या बेटावर जावे लागले. एका बाजूला मुक्ती वाटणारी घटना दुसऱ्या बाजूला विस्थापन होती, हे वसईचा इतिहास सांगताना विसरून चालत नाही.

घंटांचा प्रवास

वसईच्या चर्चमधील मोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे घेऊन गेले आणि त्या देवळांना अर्पण केल्या गेल्या. भीमाशंकरच्या मंदिरापुढची घंटा, नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा आणि वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावरील घंटा या त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे आणि ती १७०७ मध्ये ओतलेली असल्याचे सांगितले जाते. चिमाजी अप्पांच्या जन्माचेही वर्ष तेच. चर्चसाठी ओतलेली घंटा आज शिवमंदिराच्या दारात टांगलेली आहे आणि तिच्यावरील मारियेची आकृती कुणी खरवडून काढलेली नाही.

वज्रेश्वरीचे मंदिर हीदेखील याच मोहिमेची देणगी. वसईवर निघताना अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला आणि विजयानंतर वसईचे सुभेदार शंकराजी केशव यांनी तो मंदिर बांधून फेडला, अशी परंपरा आहे. तानसा नदीजवळचे, किल्ल्यासारख्या तटाचे हे मंदिर आणि त्याच्या भोवतीची गरम पाण्याची कुंडे आज मुंबईकरांच्या सहलीचे ठिकाण आहेत. वसईच्या किल्ल्यातही वज्रेश्वरीचे आणि नागेश्वराचे मंदिर मराठ्यांच्या काळात उभे राहिले. पडक्या चर्चपासून काही पावलांवर असलेली ही देवळे पाहताना सत्तांतराचा अर्थ ग्रंथांवाचून कळतो.

वसई पडताच मुंबईच्या इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्ड याला बोलणी करण्यासाठी अप्पांकडे पाठवले. त्यातून झालेल्या तहाने इंग्रजांना पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची सवलत मिळाली. पोर्तुगीज गेले आणि त्यांची जागा हळूहळू घेणारा प्रतिस्पर्धी मात्र खाडीपलीकडेच बसून होता. त्याचा धोका पुरता उमगायला पुण्याला आणखी काही दशके लागली.

अखेरचे वर्ष

विजयानंतर अप्पांना सुखाचे दिवस लाभले नाहीत. मस्तानीवरून पेशव्यांच्या घरात धुमसत असलेला कलह १७३९ च्या अखेरीस विकोपाला गेला. मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले, त्या निर्णयात अप्पांचा आणि पुतण्या नानासाहेबांचा वाटा होता. ज्या भावासाठी सारी हयात वेचली, त्याच्याच मनाला या गोष्टीने खोल जखम झाली. वसईत शत्रूशी तडजोडीची वाट काढणाऱ्या या मुत्सद्द्याला घरातील पेचातून मात्र तशी वाट काढता आली नाही. त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत अवघड भाग आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१७४० च्या आरंभी निजामाचा पुत्र नासिरजंग याच्याविरुद्धच्या मोहिमेत दोघे भाऊ पुन्हा एकत्र आले. मुंगी-शेवगावच्या तहानंतर बाजीराव उत्तरेकडे खरगोणच्या दिशेने गेले, तर अप्पा नानासाहेबांसह आंग्ऱ्यांच्या भांडणात लक्ष घालण्यासाठी कुलाब्याकडे वळले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. ही बातमी घेऊन अप्पांना उभे राहावे लागले ते पोरक्या झालेल्या दौलतीसाठी. जूनमध्ये नानासाहेबांना पेशवेपद मिळेपर्यंत दरबारातील विरोधकांना तोंड देण्याचे काम त्यांनी केले. त्याच वर्षी पोर्तुगीजांशी अंतिम तह होऊन चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे येण्याचे ठरले. वसईच्या मोहिमेची ती सांगता होती.

आधीच खालावलेली प्रकृती मात्र हा भार सोसू शकली नाही. बाजीरावांच्या पाठोपाठ आठ महिनेही उलटले नाहीत, तोच १७ डिसेंबर १७४० रोजी अप्पांनी पुण्यात देह ठेवला. अन्नपूर्णाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. मुठेकाठी ओंकारेश्वराच्या मंदिराजवळ अप्पांची समाधी आहे. राधाबाईंनी एकाच वर्षात आपले दोन्ही पुत्र गमावले आणि त्यानंतर त्या आणखी बारा-तेरा वर्षे जगल्या. सदाशिव तेव्हा दहा वर्षांचा होता. वीस वर्षांनंतर, १४ जानेवारी १७६१ रोजी, तो पानिपतावर पडला.

मागे उरलेली वसई

चिमाजी अप्पांनी जिंकलेली वसई मराठ्यांकडे फार काळ निर्वेध राहिली नाही. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड याने ती जिंकली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. यशवंतराव होळकरांकडून पुण्यात पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव पेशवे वसईला आले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारणारा तह येथेच केला. थोरल्या बाजीरावांच्या धाकट्या भावाने ज्या गावात एका युरोपीय सत्तेचे निशाण उतरवले, त्याच गावात थोरल्या बाजीरावांच्या नातवाने दुसऱ्या युरोपीय सत्तेपुढे स्वातंत्र्य गहाण टाकले. मध्ये अवघी त्रेसष्ट वर्षे गेली होती.

राजधानी पुन्हा वसली नाही. मागे राहिलेली माणसे मात्र टिकली. तटाबाहेरच्या वाड्यांमधील ख्रिस्ती समाज मराठ्यांच्या अमलात आपल्या श्रद्धेसह येथेच राहिला आणि मराठी बोलत राहिला. केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाड्या करणाऱ्या या समाजातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे लेखक पुढे आले. ते २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १७३९ च्या अटींमध्ये धर्मपालनाची मुभा देणारे कलम होते. त्या कलमाचे दूरवरचे फळ पाहायचे, तर ते वसईच्या आजच्या मराठी ख्रिस्ती समाजात पाहावे.

२००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारतींचे जंगल वाढत गेले. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. सुटीच्या दिवशी येथे छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होते, मे महिन्यात विजयाचे स्मरण केले जाते आणि अप्पांच्या पुतळ्याला हार घातले जातात. त्या दिवशी पुतळ्यापाशी न थांबता जरा पुढे चालत गेल्यास बंदराचा दरवाजा लागतो. २३ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांना त्यांच्या गलबतांवर निर्धास्तपणे चढू देण्यात आले ते याच खाडीत. दरवाजापलीकडे आता कोळ्यांच्या होड्या नांगरलेल्या असतात आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो. चिमाजी अप्पांच्या विजयाची सर्वांत मोठी खूण बुरुजावरच्या खिंडारात शोधली जाते. ती या दरवाजाशीही शोधायला हवी.